कात्रीची खाच

लेक चालली कचेरी, हाती पितळेचा डबा
तिच्या बोटांच्या तालाला, राहे साहेबही उभा

हा आवाज अंजनाबाईचा, गोपिकाच्या आईचा. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. दिवसभर मशीनच्या खडखडाटावर मात करून बोलायची सवय, त्यामुळे तिचं गाणंसुद्धा अर्धं गाणं आणि अर्धी हाक असे. तिची पाळी दुपारची. सकाळी साडेनऊला गोपिका डबा घेऊन नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या गल्लीतून निघाली, की अंजनाबाई ओट्यावर येऊन ही स्वतः जुळवलेली ओवी अशी सोडी, की नाक्यावरच्या सायकलवाल्यालाही कळावं, लेक मॅट्रिक झाली, लेक सरकारी मशीनवर बसते. गोपिका पदर ओढून घेई. "माय वं, चूप बस ना! लोक पाहून राहिले." माय म्हणे, "पाहू दे. त्यायनं पाहावं म्हणूनच तं म्हणून राहिली."

लग्नानंतरही हा प्रकार चालू राहिला, कारण गोपिकाचं सासर त्याच गल्लीत, सात घरं सोडून होतं. १९६७च्या जूनमध्ये मात्र ती ओवी बंद झाली. अंजनाबाई पुढे सात वर्षं जगली, पण पुन्हा म्हणाली नाही.

आणि आता, १९८९च्या एप्रिलात, मागच्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या गोपिकाला ती ओवी आठवली, ती संतापानेच. कारण आता तिच्यासमोर साहेब काही उभा नव्हता. उभं होतं ते भंगार.

तिचा नवरा चंद्रभान त्याला 'संग्रह' म्हणत असे. ओवीतल्याच कचेरीत तो मशीन मेकॅनिक होता आणि मेलेलं यंत्र पाहिलं की त्याला पाझर फुटे. सीताबर्डीच्या दुकानदाराने फेकलेला दोन मुठींचा टीव्ही गेम, ज्यातला पांढरा चेंडू एकाच बाजूला पळून जाई, तो ह्याने उचलून आणला. धरमपेठेतल्या एका दाताच्या डॉक्टरच्या अडगळीतून रबरी बटणांचा चपटा कॉम्प्युटर आणला. प्रदर्शन उठल्यावर मैदानात टाकून दिलेला, आलमारीएवढा व्हिडिओ गेम तर ठेल्यावर घालून आणला. त्याची काच फुटलेली, आत पोकळी. गोपिकाने त्या पोकळीत वर्षाचं तिखट भरून ठेवलं, तर हा माणूस दोन दिवस जेवताना तोंड फिरवून बसला.

"त्याच्या सर्किटात तिखट गेलं," तो म्हणाला होता.

"तुमच्या भाजीत गेलं असतं त्याच्यापेक्षा बरं!" ती म्हणाली होती.

एकदा त्याने दुरुस्त केलेला टीव्ही गेम शेजारच्या यमुताईच्या टीव्हीला जोडून पाहिला. नेमकी रविवारची सकाळ, नेमकी मालिका सुरू व्हायची वेळ. चेंडू दोनदा इकडून तिकडे गेला, फट्‌ असा आवाज झाला आणि पडद्याच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ उरली. ती रेघ तीन आठवडे राहिली. तीन आठवडे यमुताई मालिकेतल्या माणसांचं अर्धं अर्धं तोंड पाहत होत्या, आणि तीन आठवडे गोपिका त्यांच्याकडे विरजण मागायला गेली नाही.

हेही सगळं चाललं असतं. पण घरातल्या दोन खोल्यांपैकी कूलरची खिडकी ह्याच खोलीला होती. आणि गेल्या दहा उन्हाळ्यांत ह्या खोलीत कूलर लागला नव्हता, कारण ओल्या वाऱ्याने यंत्रांना गंज चढतो.

"माणसं भाजून निघाली तरी चालते," गोपिका म्हणे, "पण त्याईले घाम नाही आला पायजे."

आता मात्र चालणार नव्हतं. कामठीला दिलेली त्यांची लेक तारा सातव्या महिन्यात होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. रविवारी. नागपूरचा मे महिना, आठवा-नववा महिना आणि कूलर नाही, असं गोपिका होऊ देणार नव्हती.

"रविवारी सकाळी ठेला येते," तिने बुधवारी जाहीर केलं. "धोंडबा कबाड्याले सांगतलं मी. सगळं जाईन."

चंद्रभान जमिनीवर पालथा पडून चपट्या कॉम्प्युटरच्या पोटात फुंकर मारत होता. "सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. मराठीतच सांगून राहिली."

तो उठून बसला. तो भांडेल म्हणून तिने पदर खोचून ठेवला होता. पण तो भांडला नाही. एकेका यंत्राकडे पाहत, पोरांची हजेरी घ्यावी तसा म्हणाला, "हा देतो. हाही देतो. बरं, तो आलमारीवाला बी देतो, धोंडबाले सांग, आडवा नको करू. पण ते नाही."

त्याने बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या, फुलाफुलांची जुनी चादर पांघरलेल्या मशीनकडे.

गोपिकाला वाटलं, आपल्या डोक्यात कोणीतरी तवा आपटला. कारण एवढ्या पसाऱ्यात तिला सगळ्यात आधी काय बाहेर जायला हवं असेल, तर तेच. ती चादरही तिनेच टाकली होती. दहा वर्षांत झाडताना तिने त्या मशीनच्या चारी बाजूंनी झाडलं होतं, पण तिचा हात त्याला लागला नव्हता.

ते तिचं मशीन होतं. सतरा नंबरचं.

परीक्षांचे निकाल मशीनवर लावून द्यायची एक कचेरी तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या बाजूला होती, लोक तिला निकाल-कचेरीच म्हणत. तिथल्या लांबलचक हॉलमध्ये बावीस पोरी बावीस पंचिंग मशीनांवर बसत. समोर गुणांचा तक्ता, उजवा हात बटणांवर, आणि जाड कागदाच्या कार्डावर खट खट खट भोकं पडत जायची. कार्डाला ऐंशी रकाने. पहिल्या दोन रकान्यांत ऑपरेटरचा नंबर, मग मुलाचा रोल नंबर, मग एकेका विषयाचे गुण. मग ते कार्ड दुसऱ्या पोरीकडे जाई. ती तपासणीच्या मशीनवर तोच तक्ता पुन्हा मारी. दोघींचं जुळलं, तर मशीन कार्डाच्या उजव्या कडेला एक गोल खाच पाडी. खाच असलेलं कार्ड म्हणजे शुद्ध कार्ड. त्यावर पुन्हा कोणी शंका घ्यायची नाही, असा तिथला रिवाज.

गोपिकाच्या कार्डांना सहसा पहिल्याच फेरीत खाच मिळे. तिची बोटं बघायला खरोखरच एकदा मोठे साहेब थांबले होते. घरी येऊन तिने ते आईला सांगितलं आणि आईने त्याची ओवी केली.

मग ६७चा निकाल लागला. कुहीकडच्या एका खेड्यातला मुलगा गणितात नापास झाला, सहा गुण. मुलगा घरातून निघून गेला. अकरा दिवसांनी तो सावनेरला मामाकडे सापडला. तोवर बापाने उत्तरपत्रिका काढायला लावली होती, आणि गुण निघाले चौसष्ट. कार्डावर एक रकाना सरकला होता. 'सहा-चार'च्या जागी 'शून्य-सहा' पडलं होतं आणि चार पुढच्या रिकाम्या रकान्यात जाऊन बसला होता, जो कोणी वाचत नसे. कार्डाच्या पहिल्या दोन रकान्यांत होतं, सतरा.

पेपरात चार ओळी आल्या. चौकशीत साहेबांनी टेबलाच्या पलीकडून ते कार्ड तिला नुसतं दाखवलं, हातात दिलं नाही. तपासणीवाल्या शोभाताई रडल्या, त्यांना समज देऊन सोडलं. त्यांनी पुढे कधी गोपिकाला ओळख दाखवली नाही. गोपिका रडली नाही. 'निष्काळजी' हा शब्द आपल्या फाइलीवर वाचला आणि चौथ्या दिवशी राजीनामा देऊन आली. तारा तेव्हा वर्षाची होती. लोक म्हणाले, पोरीसाठी सोडली. गोपिकाने तसंच म्हणू दिलं. इतकं, की ताराही तेच ऐकत मोठी झाली.

आणि ७९ साली कचेरीने जुनी मशीनं लिलावात काढली, तेव्हा बावीसमधून नेमकं सतरा नंबरचं ह्या शहाण्याने घरी आणलं. वर तिला म्हणाला, "पाय, तुझं मशीन!" जसं काही सोन्याची पाटलीच आणली.

"ते नाही म्हणजे काहून नाही?" तिने आता विचारलं.

"त्याचे पार्ट मिळत नाही आता."

"मग तं बरंच झालं. पार्ट मिळत नाही, काम करत नाही, कोणी मागत नाही. काहून ठेवा लागते?"

"म्युझियमवाले येतील एक दिवस."

"म्युझियमवाले! इंदोऱ्यात! माह्या घरी! मोरीतून येतील का वरून?"

"तुले नाही समजत, गोपिका."

"हाव. मले नाही समजत. बावीस वर्षांपासून नाही समजत." एवढं बोलून ती पोळ्या करायला गेली, आणि त्या दिवशीच्या पोळ्या फार पातळ आणि फार करपलेल्या झाल्या.

शनिवारी चंद्रभान कचेरीत गेल्यावर तिने खोली काढायला घेतली. तारांची भेंडोळी, कॅसेटी, तुटक्या मुठी, जुन्या कार्डांचे गठ्ठे. ही कोरी कार्डं घरात सगळीकडे होती. त्यांच्या पाठीवर तिने दहा वर्षं किराण्याच्या याद्या केल्या होत्या. शेवटी राहिलं ते चादरवालं. धोंडबाने न्यायच्या आधी आतला कचरा काढायला हवा, म्हणून तिने चादर ओढली.

बटणं तशीच होती. 'चार'च्या बटणावरचा रंग तिच्याच बोटाने गेला होता. तिने हात मागे घेतला आणि खाली वाकून भोकांचा चुरा पडायचा तो खण ओढला. खण गच्च बसला होता. तिने त्याला एक लाथ घातली, बावीस वर्षांची. मग आला.

आत चुरा होता, उंदराच्या लेंड्या होत्या, आणि मेणकागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. रबर केव्हाच वितळून चिकटलं होतं. उलगडलं, तर दोन कार्डं. एक नीट, एक चुरगळलेलं. चुरगळलेल्याचा एक कोपरा दातेरी चाकाने चावल्यासारखा फाटला होता. कार्डं क्रमाने लावणारं सॉर्टर मशीन कार्ड खाई तेव्हा असंच होई, हे तिला न आठवताही आठवलं.

डोळ्यांवर चष्मा नव्हता म्हणून तिने बोट फिरवलं. आंधळ्या माणसाने लेकराच्या तोंडावरून फिरवावं तसं. चुरगळलेलं कार्ड, पहिले दोन रकाने, एक, सात. मग रोल नंबर. तो नंबर ती झोपेतही म्हणू शकली असती. मग पुढे, पुढे, शेवटचा विषय. सहाच्या ओळीत भोक. शेजारी, चारच्या ओळीत भोक. उजव्या कडेला मशीनची गोल खाच.

चौसष्ट. तिने चौसष्टच मारले होते. शोभाताईंनी चौसष्टच तपासले होते.

मग तिने नीट कार्ड उचललं. एक, सात. तोच रोल नंबर. शून्य. सहा. पुढे चार. ह्याच कार्डाने तिच्यावर शिक्का मारला होता. उजव्या कडेवर तिने अंगठा ठेवला आणि तिथेच राहिली.

ही खाच गोल नव्हती. टोकदार होती. एका बाजूने जरा जास्त, दुसऱ्या बाजूने जरा कमी. मशीन अशी खाच पाडत नाही. अशी खाच कात्रीने पडते.

कोणीतरी खराब झालेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड मारलं होतं, तपासायला न देता कात्री चालवली होती, आणि तिचं खरं कार्ड लपवून ठेवलं होतं. कोणी, हे कळायला चौकशी नको होती. सॉर्टर उघडून अडकलेलं कार्ड काढायचं काम कचेरीत एकाच माणसाचं. आणि सगळ्या जगात फेकायच्या वस्तू सांभाळून ठेवणारा माणूसही एकच. चौकशीनंतर रद्दीत गेलेलं हे दुसरं कार्डही त्यानेच उचललं असणार.

ती चुऱ्याच्या खणाजवळ बसून राहिली. बाहेर यमुताई पापड वाळत घालत होत्या आणि कावळ्याला शिव्या देत होत्या. गोपिकाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तोही विचित्र. त्याने केलं ह्याचा कमी, आणि दहा वर्षं आपण ह्या खणाभोवती झाडू मारला ह्याचा जास्त. तिने कार्डं मेणकागदात घातली आणि कमरेला खोचली. ठरवलं, आपण सरळ विचारायचं नाही. त्याला तोंड आहे. पाहू कधी उघडते.

शनिवारची अर्धी कचेरी आटोपून दुपारी तो जेवायला बसला. तिने वरणावर तूप घातलं, जे ती भांडणाच्या दिवसांत घालत नसे.

"ते मशीन ठेवायचं म्हणता, तं माझी ना नाही," ती सावकाश म्हणाली. "फक्त खरं कारण सांगा."

चंद्रभानचा घास थांबला. तो म्हणाला, "त्याची मोटार विलायती आहे."

तिने तुपाची वाटी उचलून आत नेली.

संध्याकाळी चहा देताना पुन्हा एक संधी दिली. "माय गेली तेव्हा तिनं विचारलं होतं मले, गोपिका, खरंच तुझी चूक होती का? मी म्हटलं, हाव."

त्याने चहा बशीत ओतला. खूप वेळ फुंकला. मग म्हणाला, "साखर जास्त झाली वाटते."

"कप फोडू का तुमच्या डोक्यावर?"

"आता काय केलं मी?"

"काही नाही केलं. तेच तं सांगून राहिली!"

रविवारी नऊ वाजता धोंडबा ठेला घेऊन आला. संगे दोन माणसं. "जय भीम, काकू. काय काय हाय?"

एकेक यंत्र निघालं. चंद्रभान प्रत्येकाबरोबर ओट्यापर्यंत जाई, धोंडबाला त्याचा आजार समजावून सांगे. "ह्याचा चेंडू डावीकडे पळते, पण आवाज चांगला आहे." "ह्याचं 'झेड' बटण दाबू नका, गरम होते." धोंडबा "हाव जी, हाव जी" म्हणत एकावर एक रचत होता. आलमारीवाल्यातून अजून तिखट सांडत होतं आणि दोघंही माणसं शिंकत होती.

"आता ते," गोपिका म्हणाली.

चंद्रभान तिच्याकडे पाहत राहिला. ती तशीच उभी. तो बाजूला झाला. तिघांनी मशीन उचललं, आणि हा अडवायचं सोडून त्यांच्या बाजूने चालू लागला. "हळू गा. हळू. डावीकडून." असं म्हणत म्हणत समोरच्या दारापर्यंत. दारात मशीन अडकलं. ना आत, ना बाहेर. धोंडबा आणि त्याची माणसं ओट्यावर, चंद्रभान आणि गोपिका घरात, मध्ये सतरा नंबर. घराला दुसरं दार नाही.

"काका, हे आणलं कसं होतं?" धोंडबाने घाम पुसत विचारलं.

"पाय काढून," चंद्रभान म्हणाला. "पाय काढल्याशिवाय निघत नाही ते."

गोपिकाने डोळे मिटले आणि उघडले. "हे तुम्हाले माहीत होतं?"

"हाव."

"मग आधी बोलले काहून नाही?"

"तू ऐकून कुठं राहिली होती."

"पाना कुठं आहे?"

पाना त्याच्या पायजाम्याच्या खिशात होता, त्याच्या वजनाने नाडा एका बाजूला ओढला गेला होता, आणि ते ओट्यावरच्या तिघांनाही दिसत होतं.

"तुम्ही जन्मभर असेच," गोपिका म्हणाली. तिचा आवाज चढत होता. "सगळं अडकल्यावर सांगता. अडकेपर्यंत बाजूनं हळू हळू म्हणत चालता!"

यमुताई ओट्यावर आल्या. समोरचे दोघंतिघं आले. आणि ह्याच घटकेला कामठीचा ऑटो गल्लीत शिरला. तारा उतरली, एक हात पोटावर, एका हातात पिशवी, तोंड उन्हाने लाल. ठेला पाहिला, गर्दी पाहिली, दारातलं मशीन पाहिलं.

"आई वं, काय झालं? मी आत कशी येऊ?"

"तुझ्या बापाले विचार."

तारा मशीनजवळ आली आणि सावली शोधत त्याच्या पाटीवर हात टेकून उभी राहिली. मग तिला ते ओळखू आलं. ती हसली, जरा खिन्न. "हे तुझं मशीन ना, आई? माझ्यापायी सुटलं ते?" तिने पोटावरचा हात उचलून त्या बटणांवर ठेवला. "आता मले समजते तुले काय वाटलं असंन. मीही सोडणार आहे शाळेची नोकरी. तू सोडली होती ना, तशीच."

गोपिकाने मशीनच्या खालच्या खणाकडे पाहिलं. हिची नोकरीही आता ह्याच खणात जाऊन पडणार होती. तिने कमरेची गुंडाळी काढली, मेणकागद उलगडला आणि दोन्ही कार्डं मशीनच्या सपाट पाटीवर ठेवली. एक चुरगळलेलं, एक नीट. नवऱ्याच्या आणि लेकीच्या मधोमध.

चंद्रभानने कार्डं पाहिली. हात लावला नाही. खिशातला पाना काढून त्याने शेजारी ठेवला, जसं काही शस्त्र खाली ठेवावं.

"केव्हा सापडलं?" त्याने विचारलं.

"काल सकाळी. कालपासून तुम्हाले विचारून राहिली मी. तूप घालून विचारलं."

यमुताईंनी "कायचं कार्ड वं?" म्हणून मान लांब केली. गोपिकाने तिकडे पाहिलंही नाही. "मले नका सांगू," ती नवऱ्याला म्हणाली. "मले वाचता येते. तिले सांगा."

चंद्रभान ताराकडे पाहू लागला, पण बोलायला लागला ते बटणांकडे पाहून. "त्या दिवशी तुले ताप होता. आई दुपारीच घरी गेलती. पाचच्या गाडीनं निकाल जायचा होता, अन् सॉर्टरनं तिचं कार्ड चावलं. कार्ड फाटलं, की ऑपरेटरनंच पुन्हा मारा लागते. मेकॅनिकनं नाही. मी म्हटलं, तिले कुठं बोलावू, लेकरू तापलेलं. भोकं डोळ्यांनी पाहून मीच मारलं. एक रकाना सरकला. तपासायला द्यायले वेळ नव्हता, म्हणून खाच..." त्याने दोन बोटं कात्रीसारखी हलवली. "शोभाताईची कात्री होती."

"बाबा," तारा म्हणाली. तिचा हात बटणांवरून खाली आला.

"माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. त्याच महिन्यात पक्की होणार होती. मी म्हटलं, चार दिवस जाऊ दे, मग सांगतो. पाचव्या दिवशी सांगणारच होतो." आता त्याने गोपिकाकडे पाहिलं. "तू चौथ्या दिवशीच राजीनामा देऊन आली."

धोंडबाने खांद्यावरचा गमछा हातात घेतला होता. गोपिकाला वाटलं होतं की हे ऐकलं म्हणजे संपेल. संपलं नाही. सात घरांपलीकडच्या ओट्याकडे तिची नजर गेली. तिथे आता दुसरे भाडेकरू होते, दोरीवर कोणाचं तरी पांढरं बनियान वाळत होतं.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली.

"अं?"

"माय गल्लीले ऐकू जाईन असं म्हणे. तुम्ही पुटपुटून राहिले. मोठ्यानं सांगा."

चंद्रभानने एक हात मशीनवर टेकला. जो माणूस मेलेल्या यंत्रांशीसुद्धा आयुष्यभर हळू आवाजातच बोलत आला होता, त्याने मान वर केली, आणि त्याच्या गळ्यातून जे निघालं ते नाक्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेलं.

"ते कार्ड मी मारलं होतं! सतरा नंबरनं नाही मारलं! गोपिकाची चूक नव्हती, माझी होती!"